दान हीच उपासना : ‘लेइतुर्गिया’ या शब्दाच्या इतिहासातून

१

इ. स. ३०३ च्या मे महिन्याच्या १९ तारखेस उत्तर आफ्रिकेतील किर्ता या नगरात (आजचे अल्जीरियातील कॉन्स्टन्टीन) नगराधिकारी फेलिक्स हा आपले लेखनिक बरोबर घेऊन ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहात शिरला. सम्राट डायोक्लीशन याच्या आज्ञेनुसार ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ व मंडळीची मालमत्ता ताब्यात घ्यावयाची होती. जे जे सापडले त्याची नोंद करण्यात आली. पुढे इ. स. ३२० मध्ये नुमिडिया प्रांताचा प्रशासक झेनोफिलस याच्यासमोर एक चौकशी झाली, तीत ही यादी वाचली गेली आणि त्या चौकशीच्या कागदपत्रांबरोबर ती आपल्यापर्यंत पोहोचली. यादीच्या आरंभी सोन्याचे पेले २, चांदीचे पेले ६, चांदीची लहान जलपात्रे ६, चांदीचे दिवे ७ अशी उपासनेची उपकरणे आहेत. त्यांच्याच ओळीत पुढे स्त्रियांचे अंगरखे ८२, डोक्यावरून घ्यावयाची वस्त्रे ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या पायताणांचे जोड १३ आणि स्त्रियांच्या पायताणांचे जोड ४७ अशी नोंद आढळते.

हे कपडे व ही पायताणे गरजूंना वाटण्यासाठी जमविलेली असावीत, असा अर्थ अभ्यासक सामान्यतः लावतात. परंतु प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वेदीवरचे पेले आणि विधवांची पायताणे एकाच घरात, एकाच संग्रहात आणि म्हणून एकाच यादीत आहेत. आधुनिक अभ्यासकाने ही यादी केली असती तर त्याने तिचे दोन भाग पाडले असते. पेले ‘उपासनाविधी’ या सदराखाली गेले असते आणि पायताणे ‘समाजकार्य’ या सदराखाली. धर्माच्या इतिहासाचे लेखन बहुधा अशाच विभागणीने होत आले आहे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांना ही विभागणी लावणे युक्त नाही, असे मला वाटते. त्या काळी देणे ही उपासनेला जोडलेली पुरवणी नव्हती. ते उपासनेचेच एक अंग होते. हे दाखविणारा सर्वांत जुना पुरावा वास्तूंचा किंवा भांड्यांचा नसून शब्दांचा आहे, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

२

‘लेइतुर्गिया’ हा ग्रीक शब्द ‘लोकांचे’ आणि ‘कार्य’ या अर्थाच्या दोन घटकांपासून बनला आहे. इ. स. पूर्व पाचव्या व चौथ्या शतकांतील अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकांवर सोपविलेल्या सार्वजनिक खर्चाच्या कर्तव्यास ही संज्ञा होती. एखाद्याने वर्षभर युद्धनौकेचा खर्च सोसावयाचा, दुसऱ्याने नाट्योत्सवातील गायकवृंदाच्या शिक्षणाचा व वेषभूषेचा भार उचलावयाचा, असे या कर्तव्याचे स्वरूप असे. कर्तव्य म्हटले तरी त्यात मानाचा भाग मोठा होता. नाट्यस्पर्धेत विजयी झालेल्या वृंदाच्या आश्रयदात्याचे नाव स्मारकावर कोरले जाई.

ग्रीक व रोमन नगरांतील दानाची पुढील परंपरा याच वळणाने गेली. स्नानगृहे, सभामंडप, खेळ, तेल, धान्य यांवर श्रीमंतांनी अपार खर्च केला. त्यास कृपणता म्हणता येणार नाही. परंतु हे दान नगरासाठी असे, दरिद्री माणसासाठी नव्हे. घेणारा घेई तो नागरिक म्हणून. कित्येक शिलालेखांतून असे दिसते की वाटपाच्या वेळी नगरसभेच्या सदस्यांस अधिक व सामान्य नागरिकांस कमी वाटा मिळे. म्हणजे गरज ज्याची कमी त्याच्या पदरी पुष्कळदा जास्त पडे. पॉल वेन या फ्रेंच इतिहासकाराने १९७६ मध्ये या संस्थेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर पीटर ब्राउन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, ‘नगर’ या घटकाच्या जागी ‘गरीब’ हा घटक दानाचा विषय म्हणून पुढे आणणे हे उत्तरकालीन रोमन समाजातील मोठे स्थित्यंतर होय.

या शब्दाला दुसरे वळण मिळाले ते यहुदी धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून हे भाषांतर सिद्ध होऊ लागले. निवासमंडपात आणि मंदिरात याजक जी सेवा करीत तिच्यासाठी भाषांतरकारांनी ‘लेइतुर्गिया’ हाच शब्द योजला. अशा रीतीने इ. स. च्या पहिल्या शतकात हा शब्द दोन अर्थ वागवीत होता. एक, धनवंताने लोकांसाठी केलेला मानाचा खर्च. दुसरा, याजकाने देवासाठी केलेला विधी. दोहोंत एक गोष्ट समान होती. सामान्य, निर्धन मनुष्य ‘लेइतुर्गिया’ करू शकत नसे. त्यासाठी एक तर संपत्ती हवी किंवा याजककुळातील जन्म हवा.

३

इ. स. च्या सहाव्या दशकात पौलाने मासेदोनिया, अखया, गलतिया येथील मंडळ्यांकडून यरुशलेममधील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी निधी जमविण्याचे काम हाती घेतले. त्याचे उल्लेख करिंथकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांत व रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आले आहेत. या प्रकरणी पौलाची शब्दयोजना विलक्षण आहे. दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे असे दोन संपूर्ण अध्याय त्याने या निधीवर खर्च केले. परंतु ‘पैसा’ या अर्थाचा सरळ शब्द त्यांत एकदाही येत नाही. त्याऐवजी ‘खारिस’ (कृपा), ‘कोइनोनिया’ (सहभाग), ‘दियाकोनिया’ (सेवा), ‘यूलोगिया’ (आशीर्वाद) आणि ‘लेइतुर्गिया’ असे शब्द येतात.

याचा अर्थ पौलास व्यवहाराची भाषा येत नव्हती असा मात्र नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने या निधीस ‘लोगेइया’ म्हटले आहे. हा शब्द फार दुर्मिळ असल्यामुळे त्याच्याविषयी कोशकारांना दीर्घकाळ अंधारात चाचपडावे लागले. इजिप्तमधील पपायरस व खापरांवरील लेख उजेडात आल्यावर आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की, देवस्थानांसाठी गोळा केल्या जाणाऱ्या वर्गणीस हा रोजच्या वापरातील शब्द होता. थीब्ज येथील एका खापरावर इ. स. ६३ च्या ४ ऑगस्टची, इसिस देवीच्या वर्गणीची पावती आहे. पौलाच्या पत्रांनंतर दहा वर्षेही लोटली नव्हती तेव्हाची ही पावती होय. पौलाने काम सांगताना बाजारातला व देवळातला चालू शब्द घेतला; कामाचा अर्थ सांगताना मात्र त्याने शब्द बदलले.

त्यांतील ‘खारिस’ या शब्दाकडे प्रथम पाहू. देवाची मनुष्यावरील कृपा, करिंथकरांनी द्यावयाची देणगी आणि शेवटी देवाचे आभार, या तिन्ही अर्थांनी पौल हा एकच शब्द त्या दोन अध्यायांत वापरतो. मराठी वाचकास यात अवघड वाटण्याजोगे काही नाही. आपल्याकडील ‘प्रसाद’ हा शब्द असाच आहे. देवाची प्रसन्नता म्हणजे प्रसाद आणि हातावर पडतो तोही प्रसादच. वरून आलेले आणि पुढे वाटावयाचे यांत शब्द भेद करीत नाही. त्यामुळे वाटणारा मनुष्य त्या वस्तूचा मालक उरत नाही.

‘लेइतुर्गिया’चा प्रयोग याहून धीट आहे. करिंथच्या मंडळीत बहुसंख्य लोक सामान्य स्थितीचे होते, आणि मासेदोनियातील लोकांनी तर स्वतः दारिद्र्यात असून दिले असे पौल मुद्दाम नमूद करतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवलेली ती चार नाणी, आणि त्यांस पौल युद्धनौकेच्या खर्चाचे व मंदिरातील याजकसेवेचे नाव देतो. संपत्ती किंवा कुळ यांवाचून जे करता येत नव्हते ते आता गुलामाला व मजुरालाही करता येईल, असा या शब्दप्रयोगाचा ध्वनी आहे. धनवंताचा मान आणि याजकाचा अधिकार असे दोन्ही अर्थ त्याने एका निनावी वर्गणीदाराच्या हाती ठेवले.

त्याच ठिकाणी पौल या दानाचे फळ सांगतो. दानामुळे गरज भागते हे एक, आणि त्यातून देवाकडे पुष्कळ ‘यूखारिस्तिया’ म्हणजे कृतज्ञतेची स्तुती जाते हे दुसरे. आभार देवाकडे जातात हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. देणगीने घेणारा देणाऱ्याचा बांधील होतो, हा मानवी व्यवहाराचा जुना नियम आहे. मार्सेल मोस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात निरनिराळ्या समाजांतून, महाभारतातील अनुशासनपर्वाच्या आधारे आपल्याही परंपरेतून, त्याची चर्चा केली आहे. पौल हा नियम नाकारीत नाही, त्याची दिशा फिरवितो. ऋण फिटावयाचेच, पण ते देवाकडे फिटावयाचे. यरुशलेमच्या गरिबाने करिंथच्या देणाऱ्यापुढे मान लववावी असे नव्हे. उलट, आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरेल, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची भरेल, असे सांगून तो ‘इसोतेस’ म्हणजे समता हा शब्द वापरतो. ख्रिस्ती समाजाच्या मुख्य विधीस पुढे ‘यूखारिस्तिया’ हेच नाव मिळाले, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणून सोडून देता येणार नाही.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच प्रकार अधिक उठावाने दिसतो. त्यांनी पाठविलेली मदत पोचल्याचे कळविताना पौल ‘आपेखो’ हे क्रियापद वापरतो. पावत्यांवर ‘रक्कम पावली’ या अर्थी नित्य येणारे हे क्रियापद. आणि त्याच वाक्यात तो त्या मदतीस सुगंध व देवाला मान्य असलेला यज्ञ म्हणतो. हिशेबाचा शब्द आणि यज्ञाचा शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. मराठीत हे जोडकाम एकट्या ‘पावणे’ या धातूने साधले आहे. रक्कम पावते, तिची पावती होते आणि देवही नवसाला पावतो.

४

हे सर्व पौलाने शून्यातून निर्माण केले असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. तो यहुदी होता, आणि गरिबाला देणे हे धर्मकृत्य आहे हा विचार यहुदी परंपरेत खोल रुजलेला होता. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे असे नियमशास्त्र सांगते. गरजूंकडे पाठ फिरवून केलेले उपास व यज्ञ व्यर्थ होत असे संदेष्टे सांगतात. हिब्रूतील ‘सेदाका’ या शब्दाचा मूळ अर्थ न्याय्यता, धर्म्यता. याच शब्दाला पुढे ‘गरिबाला दिलेले दान’ असा अर्थ आला. म्हणजे देणाऱ्याने उपकार केला नाही, जे योग्य तेच केले. अरबीतील ‘सदका’ हा शब्दही त्याच धातुकुळातील आहे. ग्रीक भाषांतरकारांनी ‘सेदाका’साठी कित्येक ठिकाणी ‘एलेएमोस्यूने’, म्हणजे दया, हा शब्द घातला, आणि त्याच शब्दापासून युरोपीय भाषांतील भिक्षादानाचे शब्द निघाले. पोर्तुगीज ‘इश्मोला’ त्यांतलाच. न्यायाचा शब्द दयेचा झाला. या भाषांतरात काही मिळाले आणि काही निसटले, हे मान्य केले पाहिजे.

इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले. मंदिराच्या यज्ञावाचून प्रायश्चित्त कसे व्हावयाचे, या प्रश्नाला रब्बी योहानान बेन झक्काई याने सत्कृत्ये हे उत्तर दिल्याची आठवण रब्बींच्या परंपरेने जपली आहे. मिश्ना या ग्रंथात नगरातील गरिबांसाठी रोजचे अन्नवाटप व आठवड्याची धान्यपेटी यांचे नियम आहेत. म्हणजे वेदी गेल्यावर तिचे कार्य गरिबाकडे सोपविण्याचा विचार यहुदी व ख्रिस्ती या दोन्ही समाजांत जवळपास एकाच काळी चालला होता. ख्रिस्ती परंपरेचे वेगळेपण त्या विचारात नाही. आठवड्याच्या सामुदायिक विधीशी त्याची जी घट्ट गाठ तिने घातली, तीत ते आहे.

५

या गाठीचे पहिले स्पष्ट वर्णन जस्टिन याच्या समर्थनपर ग्रंथात मिळते. हा ग्रंथ रोममध्ये इ. स. १५५ च्या सुमारास लिहिला गेला. रविवारच्या सभेत वाचन होते, प्रवचन होते, प्रार्थना होते, भाकर व द्राक्षारस यांवर आभारप्रार्थना होऊन त्यांचे वाटप होते, आणि अनुपस्थितांकडे सेवकांच्या हाती वाटा पाठविला जातो. लागलीच पुढे जस्टिन सांगतो की, ज्यांना ऐपत व इच्छा असेल ते आपापल्या मनाप्रमाणे देतात; जमलेले सर्व प्रमुखाकडे ठेवले जाते; आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी वाहतो. जस्टिनने ही गोष्ट निराळ्या प्रकरणात घातलेली नाही. ती रविवारच्या उपासनेच्या वर्णनाचा भाग म्हणूनच आली आहे.

कार्थेजचा तर्तुल्यन इ. स. १९७ मध्ये लिहितो तेव्हा त्याच्यासमोर रोमन नगरांतील मंडळे व त्यांच्या मेजवान्या आहेत. आमच्याकडे पेटी आहे, पण तीत प्रवेशशुल्क पडत नाही, सक्ती नाही, आणि तो पैसा मेजवान्यांवर न जाता गरिबांच्या अन्नावर व अंत्यविधीवर, अनाथ मुलांवर, वृद्धांवर, जहाज फुटून निराधार झालेल्यांवर व खाणींत शिक्षा भोगणाऱ्यांवर खर्च होतो, असा त्याचा आशय आहे. तर्तुल्यन हा वकिली बाण्याचा लेखक. त्याच्या शब्दांत अतिशयोक्ती धरली तरी संस्थेचे अस्तित्व नाकारता येत नाही. रोमचा बिशप कर्नेलियस याचे इ. स. २५१ च्या सुमाराचे एक पत्र यूसेबियसने आपल्या इतिहासात उतरून ठेवले आहे. रोमच्या मंडळीत त्या वेळी ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ परिचारक आणि वाचक, द्वारपाल वगैरे ५२ जण होते. आणि १५०० हून अधिक विधवा व दीन माणसे मंडळीच्या आधारावर जगत होती. धर्माधिकाऱ्यांची गणती आणि गरिबांची गणती येथेही एकाच यादीत आहे. किर्ताच्या यादीची रचना म्हणजे एखाद्या लेखनिकाचा गबाळेपणा नव्हे, हे यावरून दिसेल.

या संस्थेमागील कल्पना एका रूपकाने व्यक्त होते. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील पॉलिकार्पच्या पत्रात विधवांना देवाची वेदी म्हटले आहे. तिसऱ्या शतकातील सीरियात रचलेल्या ‘दिदास्कालिया’ या अनुशासनग्रंथात हेच रूपक अधिक विस्ताराने येते. त्यात व्यावहारिक निष्कर्षही काढला आहे. वेदीवर सदोष बळी चालत नाही, तद्वत विधवांच्या अन्नात पापाचा पैसा चालत नाही. म्हणून गुलामांचा छळ करणारे, गरिबांवर जुलूम करणारे अशा लोकांकडून बिशपाने देणगी स्वीकारू नये. दान ही उपासना मानल्यावर घेणाऱ्याला नाकारण्याचा अधिकार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. केवळ समाजकार्याच्या दृष्टीने पाहिले तर पैसा कोठून आला हे विचारण्याचे कारण नसते. तो वेदीवर ठेवावयाचा म्हटले की ते विचारावेच लागते.

बाहेरच्यांनीही हे ओळखले होते. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांचे पुनरुज्जीवन करू पाहणारा सम्राट ज्युलियन याने इ. स. ३६२ मध्ये गलतियाचा मुख्य पुजारी आर्साकियस यास लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की, हे लोक स्वतःच्याच नव्हे तर आपल्याही गरिबांना पोसतात. त्याने देवळांच्या व्यवस्थेत धान्य व द्राक्षारस यांचे वाटप सुरू करण्याचा हुकूम दिला. विरोधकाची ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक आहे.

६

परंतु शब्द ज्या अर्थांतून बाहेर पडतो त्या अर्थांची ओढ त्यास कायम राहते. ‘लेइतुर्गिया’ची मूळ ओढ होती देणाऱ्याच्या नावाकडे. ती ओढ उपासनेतही परत आली.

इ. स. २५३ च्या सुमारास नुमिडियातील काही ख्रिस्ती लोक लुटारू टोळ्यांच्या हाती सापडले. त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या मंडळीने १,००,००० सेस्तर्स जमविले. ही रक्कम पाठविताना बिशप सिप्रियन याने देणाऱ्यांची नावेही पाठविली आणि प्रार्थनेत व यज्ञविधीत त्यांचे स्मरण करावे अशी विनंती केली. हेतू निर्मळ होता. देणाऱ्याला परतफेड म्हणून प्रार्थना मिळावी, एवढेच. याच सिप्रियनने दानधर्मावरील आपल्या पुस्तिकेत एका धनिक स्त्रीला धारेवर धरले आहे. ती उपासनेला रिकाम्या हाताने येते आणि गरिबाने आणलेल्या अर्पणातला वाटा मात्र घेऊन जाते, हा तिच्यावरचा आक्षेप. म्हणजे तिसऱ्या शतकात गरीब मनुष्य घेणारा तर होताच, पण वेदीपाशी देणाराही होता.

पुढे नावे वाचण्याची प्रथा रूढ झाली. इ. स. ४१६ मध्ये रोमचा बिशप इनोसंट याने गुब्बिओच्या बिशपास लिहिलेल्या पत्रात, ही नावे विधीच्या कोणत्या क्षणी वाचावी याचा निर्णय दिला आहे. त्याच सुमारास जेरोमने मात्र तक्रार केली की, कोणी किती दिले हे सेवक मोठ्याने वाचतात आणि लोक ते ऐकून टाळ्यांची अपेक्षा करतात. उत्तर इटलीतील ग्रादो येथे इ. स. ५७९ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या मंदिराच्या जमिनीवर दात्यांची नावे कुट्टिमचित्रात घातली असून, कोणी किती फूट जमीन करवून दिली हेही तेथे नोंदलेले आहे. कार्ले येथील लेण्यात स्तंभ दान करणाऱ्या यवनांची नावे वाचलेल्या, किंवा कोणत्याही देवळाच्या पायऱ्या चढताना दात्यांची नावे पायांखाली पाहिलेल्या महाराष्ट्रीय वाचकास हे दृश्य अपरिचित नाही. कार्ले, नाशिक येथील प्राकृत लेखांत दानवस्तूस ‘देयधम’ म्हटले आहे. तेथेही दान हे धर्मकृत्यच आहे, आणि तेथेही नाव दगडात आहे. मनुष्यस्वभावाचा हा भाग कोणत्याही एका धर्माच्या पदरी बांधता येणार नाही.

या ओढीला सर्वांत तीव्र विरोध केला तो चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात प्रवचने करणाऱ्या जॉन क्रिसोस्तोमने. ज्या मंडळीत तो बोलत होता ती ३००० विधवा व कुमारिका यांचा योगक्षेम चालवीत होती असे तो स्वतःच सांगतो. तेव्हा त्याचे बोलणे निष्क्रिय समाजापुढचे नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील एका प्रवचनात तो विचारतो की, ख्रिस्ताच्या मेजावर सोन्याचे पेले मांडावयाचे आणि तोच ख्रिस्त दाराशी उपाशी व उघडा उभा असावयाचा, याचा उपयोग काय? करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावरील प्रवचनांत तो पॉलिकार्पचे रूपक उचलून पुढे नेतो. मंदिरातील वेदी दगडाची असते, गरीब मनुष्य ही जिवंत वेदी. ती गल्लीबोळांत व बाजारात सर्वत्र आहे, आणि तिच्यावर कोणत्याही घटकेस यज्ञ करता येतो. क्रिसोस्तोम पेल्यांचा त्याग करावयास सांगत नाही. तो क्रम सांगतो. आधी भुकेला, मग पेला. तो या प्रश्नाकडे पौलाच्याच पत्राचा अर्थ लावताना वळला, हे विसरता कामा नये. त्या अध्यायांतील शब्दांनी त्यास या निष्कर्षापर्यंत आणले.

७

यानंतरचा इतिहास शब्द अरुंद होत गेल्याचा आहे. त्याची चिन्हे फार पूर्वीच दिसू लागली होती. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात ‘लेइतुर्गिया’ हा शब्द मुख्यतः मंडळीच्या अधिकाऱ्यांच्या विधिकार्यास लावला आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती जगात तो कालांतराने यूखारिस्तियाच्या विधीचेच नाव बनला, आणि युरोपीय भाषांत आज त्याचा अर्थ ठराविक उपासनापद्धती एवढाच उरला आहे. त्यातील ‘लोक’ही गेले आणि ‘खर्च’ही गेला.

पश्चिमेकडे दानाच्या अंगानेही तसाच बदल झाला. इ. स. ५८५ मध्ये फ्रान्समधील माकों येथे भरलेल्या धर्मसभेने दोन ठराव लागोपाठ केले. एक, प्रत्येकाने रविवारी वेदीपाशी भाकर व द्राक्षारस अर्पण करावा. दुसरा, दशांश न देणाऱ्यास बहिष्कृत करावे. पुढे शार्लमेनने इ. स. ७७९ च्या एर्स्ताल येथील आज्ञापत्राने दशांश सर्वांवर बंधनकारक केला. राजसत्तेची आज्ञा झाल्यावर दशांशास कराचे रूप येणे अटळ होते. तर्तुल्यनने ज्याचा अभिमान धरला होता ती ऐच्छिकता अशा रीतीने लोपली. तथापि न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, मंडळीच्या उत्पन्नाचे चार भाग करून एक बिशपास, एक इतर धर्मसेवकांस, एक गरिबांस व एक इमारतींस द्यावा हा नियम पाचव्या शतकाच्या अखेरीपासून रोमने वारंवार सांगितला. व्यवहारात तो सर्वत्र पाळला गेला नाही, पण गरिबाचा वाटा हा हिशेबातला एक स्वतंत्र रकाना म्हणून शिल्लक राहिला. कोणी सुधारक उठला की प्रथम त्या रकान्याकडे बोट दाखवी.

८

मराठी ख्रिस्ती समाजात उपासनेच्या वेळी जमा होणाऱ्या द्रव्यास ‘अर्पण’ हा शब्द रूढ आहे. या निवडीचा विचार करण्याजोगा आहे. मराठीत देण्यासाठी शब्दांची उणीव नव्हती. ‘वर्गणी’त प्रत्येकाचा हिस्सा व सामाईक खर्च यांची कल्पना आहे, पण देव नाही. ‘देणगी’त देणारा ठळक आहे. ‘दक्षिणा’ विधी पुरा झाल्यावर विधी करणाऱ्यास मिळते. ‘दान’ हा शब्द सर्वांत जुना व भारदस्त. ग्रीक ‘दोरोन’ व लॅटिन ‘दोनुम’ यांचा तो सख्खा नातलग. परंतु त्यास पात्रापात्रविचाराचा व पुण्यसंचयाचा मोठा इतिहास चिकटलेला आहे. ‘अर्पण’ हा शब्द संस्कृतातील ‘ऋ’ धातूच्या प्रयोजक रूपापासून, ‘पोचविणे, स्वाधीन करणे’ या अर्थाने आला. वस्तू हातून सुटून दुसऱ्याच्या स्वाधीन झाली यावर त्याचा भर आहे. देणाऱ्याच्या पुण्यावर नाही. त्यामुळे वेदीशी असलेला संबंध हा शब्द चांगला सांभाळतो. मात्र गरिबाशी असलेला संबंध त्यात दिसत नाही. ‘लेइतुर्गिया’ची दोन्ही टोके धरू शकेल असा शब्द मराठीत बहुधा ‘सेवा’ हाच होय. देवाची सेवा आणि रोग्याची सेवा या दोन प्रयोगांत मराठी माणसाला शब्द बदलावा लागत नाही.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण तो स्पष्टपणे मांडणे इष्ट होय. आद्य ख्रिस्ती समाजाने दानास उपासना म्हटले ते दानाची थोरवी वाढविण्यासाठी नव्हे. तसे म्हटल्याने तीन गोष्टी प्रत्यक्षात घडल्या. ज्याच्यापाशी चारच नाणी होती त्यास नगरशेठाचा व याजकाचा दर्जा मिळाला. घेणाऱ्याची मान देणाऱ्यापुढे लवण्याचे कारण उरले नाही, कारण आभार देवाकडे जात होते. आणि पैसा कोठून आला हे विचारण्याचा अधिकार मंडळीस मिळाला. जेथे जेथे हे तीन परिणाम नाहीसे झाले, देणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचले जाऊ लागले, अर्पण कराप्रमाणे वसूल होऊ लागले, पेले पायताणांपासून वेगळ्या कोठारात गेले, तेथे ‘उपासना’ हा शब्द कायम राहिला तरी त्याचा पहिला अर्थ उरला नव्हता.

अभ्यासाच्या सोयीसाठी आपण विधीचा इतिहास व दानधर्माचा इतिहास अशी दोन दालने केली आहेत. ती मोडून टाकावीत असे मी म्हणत नाही. परंतु एका दालनात काम करणाऱ्याने दुसऱ्यातील नोंदवह्या अधूनमधून उघडाव्यात. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या जुन्या हिशेबवह्यांत, सभावृत्तांतांत व उपासनापुस्तकांत ‘अर्पण’, ‘वर्गणी’, ‘दशांश’, ‘सेवा’ हे शब्द कोणत्या रकान्यांत व कोणत्या माणसांच्या नावांसमोर येतात, हे कालक्रमाने पाहण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास आपल्या भाषेच्या व समाजाच्या इतिहासात त्याने उपयुक्त भर पडेल.